सिमेंटचं वारूळ

कोरड्या सिमेंटवर नखं घासत गेली की एक आवाज निघतो. खर्र... खर्र... मधे क्षणभराचा विसावा, आणि पुन्हा खर्र. फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडावा आणि नख लागावं, तसा अंगावर शहारा आणणारा. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तो शहारा मला नवा नाही. पण तेव्हा तो क्षणापुरता असे आणि सगळा वर्ग माझ्याबरोबर कान झाकून हसत असे. हा आवाज हसू देत नाही. डोंबिवलीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, शेजारच्या घरात कुणी करपलेलं पातेलं खरवडायला घेतलं तरी हातातलं पुस्तक मिटून मी उठते आणि खिडकी लावून घेते. वयोमानानं कान मंद होतात म्हणे. माझे मात्र या एका आवाजापुरते अधिकच तीक्ष्ण होऊन बसले आहेत.

हा आवाज एका अस्वलाच्या नखांचा आहे. तिचं नाव मंजुळा. आणि ती जे सिमेंट खरवडते ते तिच्यापुढे मांडण्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढे मी चिडले, कुणाला चार शब्द अधिक बोलले, तर तुम्ही म्हणायला मोकळे, की बाई, आधी आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघा.

लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिलेलं एक अस्वल माझ्या मनातून कधी गेलंच नाही. गजांचा पिंजरा, खाली फेनाइलचा वास मारणारी ओली फरशी, आणि त्या फरशीवर उभं राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अखंड डुलणारं ते काळं केसाळ ओझं! लोकांना वाटे ते नाचतं आहे. मी रडू लागले तेव्हा वडिलांनी शेंगदाण्याची पुडी हातात दिली. मी ती अस्वलाला दिली. आणि आपण काहीतरी केलं या समाधानात घरी आले. बालपणीची पापं अशी पुडीभर दाण्यांत फिटतात. म्हणूनच, प्राणिसंग्रहालयांतले गज जाऊन तिथे काचा आल्या, खड्डे झाकणाऱ्या वेली आल्या, कडे आणि कोसळणारे झरे आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कुणालाही झाला असता. कारागृहाचं अरण्य होत असेल तर त्याला विरोध कोण करणार?

मंदार त्याच सुमारास माझ्या दारी आला. हा माझा जुना विद्यार्थी. वहीत बेडकाचं चित्र इतकं हुबेहूब काढायचा की पानावर पाणी शिंपडलं तर तो उडी मारील असं वाटे. आता तो बागा, तळी, डोंगर उभारून देतो. कल्याणच्या पलीकडे माळावर एक नवं प्राणिसंग्रहालय होत होतं आणि त्यातल्या अस्वलाच्या आवाराचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्या जागेचं नाव मी सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे साव ठरतात. मंदारनं चहाचा कप बाजूला सारून माझ्यापुढे चित्रं पसरली आणि म्हणाला, "बाई, आता पिंजरा दिसताच कामा नये. माणसाला वाटलं पाहिजे की आपणच तिच्या जंगलात शिरलोय." मी भारावून गेले. त्या वाक्यात माणसाला काय वाटावं ते होतं, अस्वलाला काय वाटावं याचा मागमूसही नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी उत्साहानं त्याला झाडांची यादी करून दिली : उंबर, जांभूळ, बोर, करवंदाच्या जाळ्या, एखादा बहावा. काचेशेजारच्या पाटीवरचा मजकूरही मीच लिहिला. "अस्वल आपल्या लांब नखांनी वारूळ फोडते, फुंकर घालून माती उडवते आणि वाळवी ओढून खाते." किती सोपं, किती निर्दोष वाक्य!

मग तो मला कोलशेतला घेऊन गेला. खाडीच्या वाऱ्यात गंजत पडलेल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये दगड तयार होत होते. होय, तयार होत होते! सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा फवारा, आणि मग दोन कारागीर स्पंजानं त्यावर पावसाचे डाग, उन्हाचे चट्टे, शतकांच्या भेगा रंगवीत होते. सह्याद्रीला ज्यासाठी युगं लागली ते इथे आठवड्यात उरकत होतं. एक बाई त्या ओल्या कड्यावर लोट्यातून ताक शिंपडत होती. मी विचारलं तर हसून म्हणाली, "शेवाळ लवकर धरतं ना, आज्जी." मला तेही आवडलं. कलेचं कौतुक करणारा माणूस किती आंधळा असू शकतो, हे मी त्या दिवशी स्वतःवरूनच शिकायला हवं होतं.

सगळं होतं, फक्त वारूळ जमत नव्हतं. कारागिरांनी केलेलं वारूळ मातीच्या ढिगासारखं दिसे. आणि तिथे मी तोंड उघडलं. आंबिवली स्टेशनामागच्या टेकडीकडे मी पूर्वी मुलांच्या सहली न्यायची. तिथे हिराबायच्या शेताच्या बांधावर, एका म्हाताऱ्या आंब्याजवळ, पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. शिखरं, उपशिखरं, पोटात उतरणारी काळोखी भुयारं असलेलं. हिराबाय आमच्या मुलांना कळशीतलं पाणी पाजायची आणि वारुळाकडे बोट दाखवून दटावायची. श्रावणात नागपंचमीला गावच्या साऱ्या बाया तिथे हळदकुंकू, लाह्या घेऊन जमत. त्या दिवशी तिथे कुणी माती उकरत नाही, कुदळ धरत नाही, चुलीवर तवासुद्धा ठेवत नाही. जमिनीखालच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून. मी मंदारला मोठ्या दिमाखात ते वारूळ दाखवलं. त्यावर रबराचा लेप देऊन साचा काढायचा होता. हिराबायनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "हात लावा, पन मोडू नका हां. नागोबाचा घर हाय तो." मंदारनं शब्द दिला, आणि तिचा मुलगा किसन कारखाना बंद पडल्यापासून घरी बसून होता, त्याला प्राणिसंग्रहालयात राखणीच्या कामाला लावून दिलं. सगळे खूश. मी जेवणाच्या वेळेला घरी निघून आले.

त्या दुपारी काय झालं ते मला फार उशिरा कळलं. रबर नीट वाळावं, लेपात किडे चिकटू नयेत, म्हणून मंदारच्या माणसांनी आधी भुयारांतून वाळवीचं औषध सोडलं होतं. शब्द मात्र त्यांनी पाळला. वारूळ मोडलं नाही. त्याचा कोपराही दुखावला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आवार खुलं झालं. मी पहिल्याच आठवड्यात गेले आणि काचेपुढे खिळून उभी राहिले. कडा, झरा, जांभळीची सावली आणि मधोमध हिराबायच्या बांधावरचं वारूळ, शिखरानिशी, भुयारांनिशी, अगदी त्याच्या डाव्या अंगाच्या फुगवट्यासकट! मंजुळा त्याच्या पायथ्याशी पाठमोरी बसली होती. तिला एका दरवेशाकडून सोडवून आणलं होतं. नाकावर वेसणीचा जुना व्रण होता. पिलूपणापासून डांबरी रस्त्यावर नाचलेल्या जिवाला अखेर अरण्य लाभलं, असं मी शेजारच्या बाईला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी डोळे टिपले.

आषाढात एका दुपारी किसनचा फोन आला. "बाई, ती रोज दगडच खणते. तुम्ही या एकदा. मला बघवत नाय." त्यानं मला काचेकडून नेलं नाही, मागच्या दारानं नेलं. तिथे काय होतं म्हणता? गज. फेनाइलचा वास. ओली फरशी. माझ्या लहानपणीचा पिंजरा कुठे गेला नव्हताच, तो फक्त मागे नेऊन लपवला होता! पुढच्या अरण्यात किसननं मला एकेक गोष्ट दाखवली. जांभळीच्या खोडाला वेल गुंडाळलेली दिसत होती, तिच्यातून विजेच्या झटक्याची तार गेली होती. "झाडाला हात लावला की झटका. दोनतीनदा खाल्ला तिनं. आता ती झाडाकडं बघत पण नाय." झरा खंदकापलीकडे. करवंदाच्या जाळ्या खंदकापलीकडे. उंबराची फळं पडत ती काचेच्या या बाजूला, माणसांच्या पायांखाली. तिच्या वाट्याला आली होती ती माती. आणि ती माती नव्हतीच. ते मातीच्या रंगाचं, मातीसारखं खडबडीत केलेलं सिमेंट होतं.

मग तिला पुढे सोडलं, आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मंजुळा सरळ वारुळाकडे गेली. पुढचे दोन्ही पंजे पायथ्याशी लावले. खर्र... खर्र... पोटाच्या बळानं, सारं अंग मागे रेटून. थोड्या वेळानं थांबली, तोंड भुयाराला लावलं, आणि फुंकर घातली. उडायला माती नव्हती, तरी फुंकर घातली. मग ओठांची नळी करून आतलं काहीतरी ओढून घेतलं. सिमेंटच्या पोकळीतून वारा घुमल्यासारखा आवाज आला, तेवढाच. तिनं पुन्हा पंजे लावले. तिला जंगल कुणी दाखवलं नव्हतं, आईनं काही शिकवण्याआधीच तिच्या नाकात दोरी ओवली गेली होती. तरी ही विद्या तिच्या नखांना पाठ होती. माझ्या पाटीवरचं वाक्य ती शब्दशः पाळत होती. किसननं तिचा पंजा गजांतून एकदा मला दाखवला. नखं अर्ध्यावर आली होती, दोन तर मुळाशी लाल झाली होती.

मी मंदारला फोन लावला आणि आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्याला बोलले नाही ते बोलले. तो दुष्ट नाही, हेच तर दुःख आहे. म्हणाला, "बाई, माती टाकली की ती खणून राडा करते. काचेवर चिखल उडतो, लोकांना काही दिसत नाही. सगळं डिझाइन दोन दिवसांत बरबाद होईल. सगळीकडे असंच करतात." "अरे, तो राडा नाही, तो तिचा संसार आहे!" मी ओरडले. मग मी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. निदान मागच्या पिंजऱ्यात तरी घमेलंभर माती टाकू द्या, अशी किसननं विनंती करून पाहिली, तर साहेबांचं उत्तर तयार : मागे माती दिली तर ती पुढे येणारच नाही, मग लोक काय बघणार?

लोक काय बघणार! सारं शास्त्र या तीन शब्दांत संपलं. हे अरण्य तिच्यासाठी नव्हतंच कधी, ते माझ्यासाठी होतं. लहानपणी त्या पिंजऱ्यापुढे रडलेल्या मुलीला पुन्हा रडू येऊ नये म्हणून. गजांचा पिंजरा निदान खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुढे उभं राहिलं की लाज वाटे, आणि ती लाज हाच त्या मुक्या जिवाचा एकमेव वकील होता. आता आम्ही लाजेवर शेवाळ चढवलं आहे. ताक शिंपडून!

श्रावण आला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी हिराबायचा निरोप मिळाला म्हणून मी आंबिवलीला गेले. बांधावर वारूळ नव्हतं. पावसानं त्याचा चिखल झाला होता. दरवर्षी पावसात पडलेलं छिद्र रातोरात लिंपणारे आत कुणी उरलेच नव्हते. "वारूल बसला गो बाय," ती म्हणाली. "आतली मानसा मेली, मंग घर कसा उबा र्‍हेल?" तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. किसननं तिला सांगितलं होतं की तसंच वारूळ त्याच्या कामाच्या जागी आहे. तेव्हा उद्याची पूजा तिथे करावी, असं तिच्या मनात होतं. चुलीसमोर बसून ती लाह्या पाखडत होती आणि मला तिला अडवता येईना.

सकाळी ती हिरवं लुगडं नेसून, ताट झाकून घेऊन आली. प्राणिसंग्रहालयात सुट्टीची गर्दी होती. काचेपुढे वाट काढून आम्ही उभ्या राहिलो. तिनं वारूळ ओळखलं, चेहरा उजळला, हात जोडले गेले. आणि मग मंजुळा आली. पंजे लावले. खर्र... खर्र... फुंकर. ओठांची नळी. पुन्हा पंजे. हिराबाय बराच वेळ बघत राहिली. ताटावरचा रुमाल तिनं काढलाच नाही. शेवटी म्हणाली, "जल्ला, उपाशी पोराला रिकामी वाटी दिलीव तुमी." तुमी, म्हणाली. गर्दीकडे नाही, काचेकडे नाही, माझ्याकडे बघून.

ती वळली आणि चालू लागली. मी मागोमाग. रिक्षा थेट तिच्या बांधावर. तिनं पडवीतली कुदळ काढली तेव्हा शेजारच्या अंगणातून बाया धावल्या, "काकी, आज नको गो, आज पंचमी!" मीही म्हणाले, हिराबाय, उद्या नेऊ. साऱ्या आयुष्यात तिनं या दिवशी भाजी चिरायला विळी घेतली नव्हती. ती थांबली, वारूळ होतं त्या जागेला पाया पडली, आणि म्हणाली, "पाप लागला त मना लागंल. भूक तिला आज लागलीय, उद्या नाय." आणि तिनं कुदळ मारली. आंब्याच्या बुंध्यापाशी, औषध पोचलं नव्हतं तिथली माती, आणि तिच्यात पांढरी वाळवी वळवळणारा एक कुजका ओंडका. टोपली भरली. जुन्या वहाणांत, सुती साडीत मी एका बाजूनं ती टोपली धरली.

मागच्या दारात आम्हाला पाहून किसनला घाम फुटला. नोकरी त्याचीच जाणार होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्यानं आईच्या हातांकडे पाहिलं, नखांत माती होती, आजच्या दिवशी. त्यानं मंजुळाला आत घेतलं, टोपली वारुळाच्या पायथ्याशी रिती केली, आणि दार उघडलं.

आम्ही दोघी काचेपुढे पोचलो तेव्हा मंजुळा आली ती वाटेतच थबकली. नाक वर झालं. मग त्या थोराड देहाला कधी नव्हे तो वेग आला. पंजे मातीत रुतले, चिखल उडाला, काच बरबटली, कुणीतरी "शी! काही दिसत नाही" म्हणालं आणि फोन खाली घेतला. त्या बरबटलेल्या काचेमागून एक आवाज आला : फूंऽऽ... सुर्रर्र! हिराबायनं बरोबर आणलेल्या ताटावरचा रुमाल काढला, चार लाह्या जमिनीवर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या फवाऱ्यानं सगळं धुऊन काढण्यात आलं. किसनला पक्ष्यांच्या विभागात हलवलं. मंजुळानं सिमेंटचं वारूळ सोडून दिलं. आता, टोपली रिती केली होती नेमकी त्या जागची जमीन ती खरवडू लागली. हे मी मंदारला सांगितलं. वारूळ का बसलं तेही सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तिथे खाली मातीच आहे. चांगली, माळाची. आम्हीच वर वीतभर सिमेंट ओतलंय."

सोमवारी तिथे सुट्टी असते. पाण्याचा निचरा नीट होत नाही, दुरुस्ती करायची आहे, असं सांगून मंदार आत शिरला. पहार त्यानं स्वतः धरली. चित्रं काढणारे ते हात फोडांनी भरून गेले. मी त्याच्याजवळ तो रबराचा साचा मागितला, फाडून टाकायला. तर मान खाली घालून म्हणाला की तो शेडच्या मालकाकडे आहे, आणि त्यातून निघालेली आणखी काही वारुळं कुठे कुठे रवानाही झाली आहेत. म्हणून म्हटलं, शेजारी पातेलं खरवडलं की मी खिडकी लावून घेते. कुठल्या गावी, कुठल्या काचेमागे या घटकेला कुणाची नखं झिजत असतील, मला काय ठाऊक!

दुपारपर्यंत एका बाजेएवढी जमीन उघडी पडली. एवढा कडा, एवढा झरा, एवढं डोळे दिपवणारं अरण्य, आणि त्यात तिच्या हक्काची बाजेएवढी जागा! तीही चोरून. किसन पक्ष्यांकडून पळत आला आणि त्यानं दार उघडलं. मंजुळा आली, त्या काळ्या ओल्या चौकोनाशी थांबली, आणि तिनं पंजे घातले. मी गजांना कान लावून उभी होते. ती खणत होती, कोपरापर्यंत आत जात होती. आणि काहीही ऐकू येत नव्हतं.